घाणीला माप नसतं

आमच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या खोलीच्या दारात आक्का उभ्या असायच्या आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या, "आज घरी काय आंबवलं?"

नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट हा सवाल. समोर विभागप्रमुख असोत, बाहेरगावचे प्राध्यापक असोत, नाहीतर एसी दुरुस्त करायला आलेला मिस्त्री असो. इडलीचं पीठ, विरजण, जिलबी, कशाचंही नाव निघालं की त्या म्हणायच्या, "मग उद्या या." एकदा विभागप्रमुखांनी हुज्जत घातली. घरी डोसे आहेत खरे, पण मी उपाशी आलोय, म्हणाले. आक्का म्हणाल्या, "सर, यीस्ट पोटात बसत न्हाई, बाहीवर बसतंय." सरांना जे सांगायचं होतं ते त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं आणि गेले.

मी तेव्हा हिमायतनगरहून लातूरला नवीनच आले होते, पीएच.डी. करायला. पहिल्याच दिवशी मी खरं ते सांगून टाकलं, की काल खोलीवर दही लावलंय. "परवा ये. डोकं धुऊन ये," एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं. मी व्हरांड्यात उभी. मनात म्हटलं, कुठल्या येड्या बाईच्या पदरात पडले मी. आता हा प्रश्न मीच लोकांना विचारते, आणि समोरच्याच्या तोंडावर अगदी हेच वाक्य उमटलेलं मला दिसतं. मी खुलासा करत बसत नाही.

आक्का मूळच्या देगलूरच्या. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. त्यांचा धाकटा भाऊ कधीमधी विभागात यायचा आणि आक्का, आक्का करायचा. ते मुलांनी उचललं आणि पुढं प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्याच त्या आक्का झाल्या. भावाला आम्ही मामा म्हणायचो. आक्का ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. सुती साडीवर पुरुषाचा पांढरा फुल शर्ट, आणि त्याच्या बाह्या मनगटाशी रबरानं आवळलेल्या. केसाला तेल नाही, अंगाला अत्तर नाही; एखादीच्या डोक्यात गजरा दिसला तर कपाळाला आठी. मराठी बोलता बोलता मधेच तेलुगूत शिरायच्या, आणि रागावल्या की दखनीत. "अक्कल घास चरने गई क्या," हे इतक्या थंड आवाजात म्हणायच्या की ओरडलेलं परवडलं असतं.

त्यांचं काम काय ते ऐकलं की लोकांना हसू यायचं. आक्का अळीच्या पेशी पाळायच्या. अळी कुठली, तर मक्याचा पोंगा, म्हणजे मधला कोवळा गाभा, कुरतडणारी लष्करी अळी, जिला आता आपल्याकडं रानारानात शिव्या पडतात तीच. फार वर्षांपूर्वी अमेरिकेत कुणीतरी तिच्या कोषातून थोड्या पेशी काढल्या आणि फ्लास्कमध्ये वाढवल्या. अळी मरून किती काळ लोटला, पेशी अजून वाढतच आहेत, जगभरच्या प्रयोगशाळांतून. त्यांना अळ्यांचाच एक विषाणू लावायचा. माणसाला तो काही करत नाही. पण लावायच्या आधी त्या विषाणूच्या अंगात माणसाच्या प्रोटीनची कृती, म्हणजे जीन, घालून ठेवायची. पेशी बिचारी आजारी पडते, आणि मरायच्या आधी दोन-तीन दिवस स्वतःचं सगळं बाजूला ठेवून आपल्याला हवं ते प्रोटीन बनवत बसते.

हे त्या मला पहिल्यांदा समजावून सांगत होत्या तेव्हा मी भराभरा लिहून घेत होते. "लिहू नको, ऐक," त्या म्हणाल्या. "मरता मरता दुसऱ्याचं काम करून राहिलेला जीव हाय हा. ह्याच्यासमोर जरा अदबीनं राहायचं."

आणि त्या खरंच अदबीनं राहायच्या हो. खोलीत मोठ्यानं बोलायचं नाही, फ्लास्क आदळायचा नाही. पेशींना त्या 'मंडळी' म्हणायच्या. सकाळी आल्या आल्या विचारायच्या, "मंडळी जेवली का?" आम्ही मुली पाठीमागं खूप हसायचो. एकीनं तर हुबेहूब नक्कल बसवली होती. पण मायक्रोस्कोपला डोळा लावून फ्लास्क हळूच फिरवताना त्यांचा चेहरा मी बाजूनं पाहायची, आणि माझं हसणं आपोआप थांबायचं. देवळात एवढं लक्ष लावून बसलेलं माणूस मी क्वचित पाहिलंय.

एकदा मामा अळीनं खाल्लेलं मक्याचं धाट घेऊनच विभागात आले. "आक्का, तू एवढी शिकलेली. ह्याच्यावर काय मारू, सांग." आक्कांनी फवारणीचं सगळं नीट सांगितलं, पोंग्यात कधी आणि किती ते. मग धाट बाहेर ठेवायला लावलं, आंबवण्याचा प्रश्न विचारला, हात धुवायला लावले आणि भावाला मायक्रोस्कोपसमोर बसवलं.

"काय दिसतंय?"

"गोल गोल दाणे हायेत. साबुदाण्यावानी."

"तुझ्या मक्यातलीच हाय ती."

मामांनी डोळा काढला. बहिणीकडं पाहिलं, मग त्या थंडगार खोलीकडं, मग पुन्हा बहिणीकडं. "म्हंजे मी तिकडं फवारून फवारून मरून राहिलो, आन् तू हितं तिला एसीत बसवून खाऊ घालून राहिलीस?"

"हाव."

"आईला सांगू का हे?"

"सांग."

मामा चहा न घेताच गेले. पण गेल्यावर त्यांनी गावात काय सांगितलं कोण जाणे, पुढं कितीतरी दिवस देगलूरकडचे लोक आक्कांना फोन करून विचारायचे, की तुमच्याकडच्या अळीला काय चारता.

ह्या पेशींना सत्तावीस-अठ्ठावीस डिग्रीच्या आसपास ठेवावं लागतं. थंड देशात त्यासाठी खोली तापवतात म्हणे. आमच्या लातूरला मे महिन्यात ती गार ठेवायची म्हणजे दिव्यच. एका दुपारी वीज गेली ती गेलीच. बाहेर ऊन असं, की व्हरांड्यातल्या फरशीवर पाय टेकवत नव्हता. इन्व्हर्टरनं मान टाकली. इनक्युबेटरचा काटा वर चढायला लागला. आक्कांनी मला शिपायाबरोबर पिटाळलं आणि स्टाफरूममधला पाण्याचा रांजण उचलून आणायला लावला. लातूरला पाण्याचं तर विचारूच नका, नळाला आठ-दहा दिवसांनी येतं. स्टाफरूममध्ये ओरड झाली. आक्कांनी कुणाचं ऐकलं नाही. रांजणाला ओलं पोतं गुंडाळलं, आत स्टीलचा डबा बसवला, डब्यात फ्लास्क ठेवले, वर थर्मामीटर. आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून त्या पोत्यावर सुपानं वारा घालत बसल्या. मधूनमधून डबा धरून हलक्या हातानं फ्लास्क हलवायच्या, कारण मंडळीला हलतं ठेवावं लागतं. दिवेलागणीला वीज आली. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर सगळ्या गोल, टवटवीत. आक्का म्हणाल्या, "बागुंदी." तेलुगूत छान आहे, असा अर्थ. हा शब्द त्या फार क्वचित बाहेर काढायच्या.

पण हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगायला पाहिजे.

माणसाच्या पेशीत तीन प्रोटीनं मिळून एक यंत्र बनतं, असं आक्कांचं म्हणणं होतं. त्या यंत्रात खोट असली की मूल जन्मतः रक्ताचा आजार घेऊन येतं. खोट कुठं आहे हे कळायला यंत्र आख्खं समोर पाहिजे. आणि ते आख्खं कुणालाच मिळत नव्हतं. लोक एकेक प्रोटीन वेगळं बनवून मग एकत्र करू पाहायचे, आणि नासलेल्या दुधासारखे गोळे व्हायचे. आक्का तीनही कृती एकाच विषाणूत घालायच्या, म्हणजे तीनही प्रोटीनं एकाच पेशीत, एकाच वेळी जन्मतील. "वेगवेगळ्या चुलीवर रांधून एका ताटात वाढलं म्हंजे घर होत न्हाई," त्या म्हणायच्या.

तीनपैकी एकाला आम्ही एक शेपटी लावायचो. पेशी फोडून तो रस एका नळीतून सोडायचा. नळीतली भुकटी ती शेपटी धरून ठेवते. बाकी सगळं मिठाच्या पाण्यानं धुऊन काढायचं. तिघांनी एकमेकांना धरलेलं असेल तर एकाबरोबर तिघंही मागं राहतील. मग ते जेलवर, म्हणजे पातळशा थलथलीत चकतीवर, चढवायचं. तिथं प्रत्येक प्रोटीनची एक निळी आडवी रेघ उठते. तीन रेघा आल्या म्हणजे यंत्र आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, काम नवं असताना, आक्कांना एकदा तशा तीन रेघा दिसल्या होत्या, पुसटशा. मग कधीच नाही. दर वर्षी हात सुधारत गेला, माल अधिकाधिक स्वच्छ निघत गेला, आणि जेलवर फक्त शेपटीवाल्याची एकटी रेघ.

मी रुजू झाले त्याच्या पुढच्या वर्षी बाहेरून एक समिती आली. त्यातले एक वयस्कर गृहस्थ फार सभ्य होते. त्यांनी सगळे जेल पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं काम स्वच्छ आहे. पण ही तीन प्रोटीनं एकत्र राहत नाहीत. जे नाहीच, ते अजून किती वर्षं शोधणार?"

"मी एकदा पाहिलंय, सर."

"एकदा पाहिलेलं विज्ञानात नसतं."

आक्का म्हणाल्या, "ते बराबर हाय."

बस्स, एवढंच. मला इतका राग आला होता, त्या गृहस्थांचा कमी आणि आक्कांचा जास्त. भांडायचं होतं ना. अनुदान शेवटच्या वर्षात, आक्कांची निवृत्ती तोंडावर, आणि आमच्या खोलीवर परीक्षा विभागाचा डोळा. त्यांना उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जागा पाहिजे होती. आक्का गेल्या की मंडळी नाल्यात जाणार आणि माझी पीएच.डी. त्यांच्यामागोमाग. संध्याकाळी आक्का एकट्याच बेसिनपाशी फ्लास्क धूत होत्या. मी तणतणत सगळं बोलून घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, मला नाव नको, गाव नको. ते हाय का न्हाई, एवढं कळावं. न्हाई म्हणून कळलं तरी चालंल. पण मालूम न होता घरी बसायचं, हे मला जमायचं न्हाई."

आता त्यांच्या धुण्याबद्दल. आंबवण्याचा प्रश्न विचारणारी बाई नळी कशी धूत असेल याची कल्पना करा. बाकीचे लोक जेवढं मीठ वापरायचे त्याच्या दुप्पट आक्का वापरायच्या, आणि पुन्हा पुन्हा. आम्ही त्याला आक्कांचं धुणं म्हणायचो. पंप आपला घूं घूं करत मिठाचं पाणी ढकलतोय, आणि आक्का समोर स्टुलावर.

असंच एकदा धुणं नुकतंच सुरू झालेलं, आणि वीज गेली. पंप थांबला. माल तसाच नळीत ठेवला तर खराब होणार. आक्का म्हणाल्या, राहू दे धुणं, हातानं काढून घे. मी सिरिंज लावून जेवढं निघालं तेवढं काढलं. दुसऱ्या दिवशी जेल रंगवला. तीन रेघा होत्या. आणि खाली, तिसरीच्या जरा खाली, चौथी.

मी आनंदात होते, पण त्या चौथीनं माझा विरस केला. "आक्का, तीन आल्या. ही खालची घाण आहे, धुणं अर्धं राहिलं ना. पुन्हा करते, नीट धुऊन."

आक्कांनी जेल प्रकाशाच्या पेटीवर ठेवला होता. मी हात पुढं केला तर त्यांनी माझा हात बाजूला केला. वाकून, नाक जेलला लागेल इतकं जवळून पाहत राहिल्या.

"घाण कशी असते?" त्यांनी विचारलं.

आणि माझी वाट न पाहता त्यांनीच सांगितलं.

"कधी लई, कधी थोडी. कधी हितं, कधी तितं. बघ ह्या चौघींकडं. चारी एका जाडीच्या हायेत. तीन सख्ख्या आन् एक घाण, आन् जाडी मात्र एक?" त्या सरळ झाल्या. "घाणीला माप नसतं."

मग आम्ही तेच पुन्हा केलं, पण मीठ थोडंथोडं वाढवत. कमी मीठ असलं की चौघी असायच्या. मीठ वाढवलं की पहिल्यांदा चौथी निघून जायची, आणि तिच्यामागोमाग बाकी दोघी. शेपटीवाली तेवढी एकटी उरायची. म्हणजे घर त्या चौथीनं धरलं होतं, आणि आम्ही वर्षानुवर्षं तिलाच आधी बाहेर काढत होतो. पहिल्यांदा यंत्र दिसलं होतं ते आक्कांचा हात कच्चा होता म्हणून, धुणं जमत नव्हतं म्हणून. चौथी तेव्हाही असणार, त्या पुसट जेलवर ती घाणीत धरली गेली.

हे लक्षात आलं तेव्हा आक्का खोलीच्या फरशीवर भिंतीला टेकून बसल्या. मला वाटलं चक्कर आली. त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी. "मीच घालवलं गं. इतकी वर्षं. धुऊन धुऊन." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "माझी आई म्हणायची, कापड धुतलं की मळ जातो, लई धुतलं की कापड जातं. मला वाटायचं, तिला साबण वाचवायचा हाय."

आपली सगळ्यात मोठी चूक आपल्या सगळ्यात मोठ्या गुणातून झाली, हे कळल्यावर मी तर कुणावर तरी खेकसले असते. ह्या बाईनं तासाभरात उठून ती चौथी रेघ जेलमधून ब्लेडनं कापली, कुपीत घातली, आणि हैदराबादला तपासायला पाठवून दिली.

रिपोर्ट आला. चौथं प्रोटीन माणसाचं नव्हतंच. अळीचं होतं, त्या पेशींचं स्वतःचं. मी कपाळाला हात लावला. "म्हणजे शेवटी घाणच की हो, आक्का."

आक्का इनक्युबेटरपाशी गेल्या आणि त्याच्या दारावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. "आपण तिला तीन दिले आन् सांगितलं, यंत्र बनव. चौथं लागतंय हे आपल्याला मालूमच न्हाई. तिनं बघितलं, ह्यांचं काही उभं राहत न्हाई. तिनं घरातलं काढून लावलं."

पेशी असं काही बघत नाही, ठरवत नाही, हे आक्कांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, तो आजही लिहिताना येतोय. कुठं माणूस, कुठं मक्यातली अळी. एकाचं दुसऱ्याला लागू पडावं असं आहे काय दोघांत? आणि तरी दुसऱ्याच्या गाडीची खीळ आपल्या चाकाला बसावी तसं ते बसलं होतं. म्हणजे हे यंत्र इतकं जुनं, की अळी अळी झाली आणि माणूस माणूस झाला त्याच्याही आधीचं. फवारणीच्या पंपाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन जिवांच्या आत एकच वस्तू फिरत होती. त्या दिवशी मी बराच वेळ खोलीतून बाहेरच पडले नाही.

पुढचं काम सरळ होतं. अळीच्या त्या प्रोटीनचा माणसातला भाऊबंद कोण, ते शोधलं. तो सापडला, माहितीतलाच होता, पण त्याचा ह्या यंत्राशी संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याचा जीन मागवला, चारही कृती एका विषाणूत घातल्या. ह्यात पावसाळा गेला, दिवाळी गेली. आणि मंडळीला तो नवा विषाणू लावायचा दिवस आला तेव्हा आक्कांनी, साक्षात आक्कांनी, एक चूक केली.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूरकडं येळवस असते. घरंच्या घरं शेतात जातात. कडब्याची खोप, तिच्यात पांडवांची पूजा, आणि जेवायला भाज्या-दाण्यांची मिसळून केलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि मडकं भरून आंबिल. आंबिल म्हणजे ज्वारीच्या पिठाचं आणि ताकाचं, चांगलं आंबवलेलं. त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्याच्या बाहीवर यीस्ट बसलेलं असतं म्हणा ना. पूर्वी एकदा येळवशीच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी तसंच खोलीत आलं आणि सगळी मंडळी यीस्टनं मेली; तेव्हापासून दारातला तो प्रश्न. येळवशीच्या आठवड्यात आक्का कुठलंही काम लावायच्या नाहीत. आणि त्या वर्षी आनंदाच्या भरात त्यांनी विषाणू लावला तो असा, की पेशी काढायचा दिवस बरोबर येळवशीवर. माझ्या गावाकडं हा सण नाही, त्यामुळं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. संध्याकाळी शिपाई सहज म्हणाला, "आक्का, येळवशीला देगलूरला कधी निघणार?" आक्कांचा चेहरा पांढराफटक पडला.

मंडळी थांबत नाही. वेळेवर काढली नाही तर फुटते, आणि सगळं वाया. आक्कांची जन्मात एकही येळवस चुकलेली नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "तू आन् मी. आंबिल न्हाई."

त्या दिवशी लातूर म्हणजे संचारबंदी. दुकानं बंद, क्लासच्या गल्ल्या ओस, कॅन्टीनला कुलूप, वॉचमनसुद्धा शेतात. आम्ही दोघी बिस्किटं खाऊन पेशी तळाशी बसवायला सेंट्रिफ्यूज चालवत होतो. दुपार कलली आणि खाली जीपचा हॉर्न वाजला. मामा पाठीमागं मडकं आणि डबे घेऊन देगलूरहून आले होते.

आक्का खिडकीत गेल्या. "तिथंच थांब. जिना चढू नको."

"आईनं आंबिल पाठवलीया. वर्साचा सण हाय, आक्का."

"मंडळी आजारी हाय."

"कोण मंडळी?"

"तुझ्या मक्यातली."

मामांनी वर पाहिलं. मला वाटलं, आता चिडून जातात. ते लिंबाखाली चादर अंथरून बसले. "उरक मग," म्हणाले, "मी थांबतो."

पेशी फ्रीजरमध्ये गेल्या, खोलीला कुलूप लागलं, आणि आक्का खाली आल्या. उभ्याउभ्याच, डोळे मिटून, त्या मडक्यातली आंबिल प्यायल्या. मग मलाही गडू दिला. "पी. आता दोन दिवस आपण दोघी बाद." गोठलेला माल वर तसाच, इतक्या वर्षांचा निकाल त्यात, आणि ही बाई जिन्याच्या पायरीवर बसून भावाबरोबर भज्जी खातेय.

दोन दिवसांनी नळी लावली. मीठ नावापुरतं. जेलवर चार रेघा आल्या, ठसठशीत, एका जाडीच्या, आणि चारही माणसाच्या. अळीची रेघ जरा वेगळ्या उंचीवर असायची, ती दिसेना. मी विचारलं, "तिची कुठं गेली?" आक्का म्हणाल्या, "आपलं आपल्याला मिळालं. तिनं तिचं परत घेतलं."

विभागात पेढे वाटले. मीठ वाढवलं तरी ह्या चौघी सुटत नव्हत्या. जिनं नक्कल बसवली होती ती मुलगी आक्कांच्या पाया पडली. सगळे म्हणाले, आता त्या समितीवाल्यांना कळवा. आक्का म्हणाल्या, "ते बराबरच होते. तीन न्हाईतच राहत." पेढा त्यांनी हातात धरला होता, खाल्ला नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता तू कर. पहिल्यापासून. मी खोलीत नसताना."

माझं डोकं फिरलं. निरोपसमारंभाची तारीख ठरत होती, खोलीचा निर्णय व्हायचा होता. "आक्का, आता बास की. झालं ना. डोळ्यांनी पाहिलं ना."

"माझ्याच डोळ्यांनी पाहिलं," आक्का म्हणाल्या. "आधी बी मीच, आता बी मीच. इतकी वर्षं आस लावून बसलेल्या बाईच्या डोळ्यावर भरोसा ठेवायचा नसतो, पोरी. माझ्या हाताला काही सवय असंल, नकळत काही करत असंन. ते माझ्यामुळं उभं राहत असंल, तर ते न्हाईच."

"आणि नाही आलं तर?"

"तर न्हाई म्हणून सांग. लपवू नको."

त्यांनी रजा टाकली आणि देगलूरला गेल्या. जेल हातात पडल्याशिवाय फोन करायचा नाही, असं बजावून गेल्या. मी त्या खोलीत एकटी. इतकी भीती मला माझ्या कुठल्याही परीक्षेची वाटली नव्हती. माझ्या एका जेलवर एका माणसाचं सगळं आयुष्य होतं की नव्हतं हे ठरणार होतं, आणि ते सांगायचं तोंड माझं. नवीन फ्लास्क, नवीन विषाणू. आक्कांचा एकही जुना डबा वापरला नाही. सांगितलं त्यापेक्षा जास्त धुतलं नाही, कमी धुतलं नाही. पेशी काढताना दोनदा थांबून बसले. जेल रंगायला ठेवला आणि खोलीबाहेर फेऱ्या मारत राहिले. मग आत गेले, जेल पेटीवर ठेवला आणि दिवा लावला.

फोन एका घंटीत उचलला गेला. मागं कुठंतरी शेळ्या ओरडत होत्या.

"आक्का."

"हं."

"चारी आल्या."

"मापात?"

"मापात."

मग त्यांचा आवाज आला, जो मी कधी ऐकला नव्हता असा, बारीक, एखाद्या लहान मुलीचा असावा तसा.

"मग हाय ते," आक्का म्हणाल्या. "मी नसले तरी हाय."